डावा दिवा

धुळ्याच्या एका दवाखान्यात दाखल असलेल्या आजींना भेटून आम्ही चौघे रात्री अमळनेरला परतत होतो. दिवस कापसाच्या हंगामाचे. वाटेत लक्षात आले की गाडीचा डावा दिवा लागत नाही. उजवा चालू होता, पण रस्त्याची डावी कड अंधारात गेली होती. त्या कडेने रात्री आपल्याकडे कोण जाते? कापसाची बैलगाडी, सायकलवाला, पिकाला पाणी देऊन परतणारा शेतकरी. त्यांच्यापाशी बहुधा दिवा नसतो. आपल्या गाडीचा दिवा हाच त्यांचा दिवा. एकाने काच खाली करून बाहेर पाहत राहायचे आणि गाडी हळूहळू हाकायची, असे करत घर गाठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर हा प्रसंग सांगताना आम्ही म्हणून गेलो, ‘‘त्या पोराने डुप्लिकेट बल्ब माथी मारला. पंधरा दिवसांत उडाला.’’ पोरगा म्हणजे गाड्यांच्या वायरिंगची कामे करणारा एक तरुण. डावा बल्ब त्यानेच बदलून दिला होता. टपरीवर दोघे जण ऐकत होते. एकाने मान डोलावली. दुसरा म्हणाला, ‘‘बरं झालं सांगितलं. मी माझी गाडी त्याच्याचकडे नेणार होतो.’’

आम्ही गाडी घेऊन त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने बल्बबद्दल काहीच विचारले नाही. विचारले ते एवढेच, ‘‘दिवा एकदम बंद आहे, की मिणमिणतो?’’ आता आठवले. रात्री उतरून पाहिले तेव्हा काचेत निखाऱ्यासारखी लालसर धुगधुगी होती. शिवाय डिपरवर असतानाही मीटरवरचा अप्परचा निळा दिवा पुसटसा दिसत होता. दोन्ही गोष्टी आम्ही डोळ्यांनी पाहिल्या होत्या, आणि टपरीवर मात्र सांगितले होते ‘बल्ब उडाला’. उडालेल्या बल्बची तार तुटलेली असते. ती लालही होत नाही.

मग त्याने दोन्ही बल्बांची अदलाबदल केली. आमचा ‘डुप्लिकेट’ बल्ब उजवीकडे लख्ख पेटला आणि उजवीकडचा चांगला बल्ब डावीकडे जाऊन मिणमिणू लागला. मग त्याने एका वायरीचे एक टोक डाव्या होल्डरच्या अर्थिंगला लावले आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला. दिवा भक्कन लागला. ‘‘दादा, हाऊ बल्ब चांगला शे. त्याले अर्थिंग भेटत नही,’’ तो म्हणाला. परतीची वाट बंद झाल्यामुळे वीज बल्बच्या दुसऱ्या तारेतून आडवाटेने उजव्या दिव्याकडे जात होती. म्हणून ती धुगधुगी, आणि म्हणूनच तो निळा दिवा.

अर्थिंगची वायर शोधत तो बोनेटखाली एका बोल्टपर्यंत पोचला. बोल्टखालची वायरची कडी रंगाच्या थरावर बसवलेली होती आणि भोवती गंज चढला होता. तिथे हात कोणाचा लागला होता? आमचाच. महिनाभरापूर्वी नवा हॉर्न आम्हीच घरी बसवला होता, दोनशे रुपये वाचवायला. त्याने रंग खरवडला, बोल्ट घट्ट केला, काम झाले.

श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली स्थापन केलेले तत्त्वज्ञान मंदिर आपल्याच गावात आहे. ज्ञान कशाला म्हणावे, याचा खल तिथे झाला. न्यायशास्त्र प्रत्यक्ष आणि अनुमान यांत फरक करते. धूर दिसला हे प्रत्यक्ष, तिथे अग्नी असणार हे अनुमान. अनुमान पक्के करायला अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पाहावे लागतात, म्हणजे कारण असेल तिथे कार्य आहे का, आणि कारण नसेल तिथे तेही नाही ना. त्या पोराने बल्ब बदलून पाहिले ते दुसरे काय होते? आम्ही मात्र अनुमानालाच प्रत्यक्ष म्हणून खपवले.

कोणी म्हणेल, संशय घेतल्याशिवाय दोष सापडतच नाही. खरे आहे. त्यानेही बल्बचा संशय घेतला, होल्डरचा घेतला, वायरीचा घेतला. पण संशयाने बल्बचे काही बिघडत नाही. निर्दोष ठरला की तो पूर्वीसारखाच पेटतो. माणसाचे तसे नाही. तपासणी व्हायच्या आधीच नुसत्या संशयाने त्याचे गिऱ्हाईक तुटते. म्हणून पैसे मोजलेल्याने तक्रार करू नये काय? जरूर करावी. ‘तू बसवलेला दिवा लागत नाही’ ही तक्रार झाली, आणि ती त्याच्याकडे करायची असते. ‘त्याने डुप्लिकेट माल दिला’ हा निवाडा झाला, आणि तो आम्ही त्याच्या माघारी दिला. आठव्या आज्ञेच्या विवेचनात कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ, परिच्छेद २४७७, पुरेशा आधाराशिवाय शेजाऱ्याचा नैतिक दोष मनातल्या मनात खरा धरणे हेही पाप मानतो. आम्ही तर ते मोठ्याने बोललो होतो. खोटे बोललो असे आम्हांला वाटलेही नाही, कारण आमचा त्यावर विश्वास होता. अडचण नेमकी हीच आहे.

त्या पोराला आम्ही सगळे सांगून टाकले. तो हसला, म्हणाला, ‘‘चालतं, दादा,’’ आणि मजुरी घेईना. बळेच दिली. पण माफी त्याच्यापाशी मागून काय होणार? बोललो होतो ते टपरीवर. दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. मान डोलावणारे गृहस्थ भेटले. त्यांना दिव्याची सगळी हकिकत सांगितली. आपली गाडी तिकडे नेणार नाही म्हणणारा दुसरा मात्र पुन्हा दिसलेला नाही. टपरीवाला त्याला नुसता तोंडओळखीने ओळखतो. बाजाराच्या दिवशी कधीतरी येतो म्हणतो. आम्ही बाजाराच्या दिवशी चहाला तिथेच जातो.