वार लागल्याची कबुली

पाश्चात्त्य असिक्रीडेत एक जुना रिवाज होता. प्रतिपक्ष्याच्या फॉइलचे टोक आपल्या अंगास लागले म्हणजे ज्यास ते लागले त्यानेच थांबून ‘तुशे’, म्हणजे ‘लागला’, असे म्हणावयाचे. मारणाऱ्याने ‘मी मारला’ म्हणून ओरडणे हे हलकेपणाचे लक्षण समजले जाई. सामन्यास एक अध्यक्ष व चार पंच असत हे खरे. परंतु पात्याचा वेग असा की, चार जोडी डोळ्यांनाही ते नेमके कोठे जाऊन पोहोचले हे पुष्कळदा कळू नये. जे पंचाच्या डोळ्यांस दिसत नाही ते खेळाडूच्या कातडीस कळते. तेव्हा या खेळातला पुष्कळसा न्याय अखेर हरणाऱ्याच्या जिभेवर येऊन ठेपे. आपल्याविरुद्धचा पुरावा प्रतिवादीनेच आपण होऊन कोर्टापुढे ठेवावा, अशी अपेक्षा जगातील कोणत्या न्यायशास्त्राने केली आहे?

जुन्या काळचे सर्वच असिधर सत्यवादी होते असे मात्र कोणी समजू नये. १९२४ साली पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत वार लागला की नाही यावरूनच तंटे माजले, इटलीचा संघ मैदान सोडून निघून गेला, आणि त्या भांडणांच्या पोटी पुढे रक्त काढणारी खरीखुरी द्वंद्वे झाली. रिवाज थोर असला म्हणून माणसे थोर होतातच असे नाही. पुढे या तंट्यांवर विजेचा तोडगा निघाला. ऑलिंपिकमध्ये एपे या शस्त्रास १९३६ साली, फॉइलला १९५६ साली आणि सेबरला १९९२ साली विजेची तार जोडली गेली. आता दिवा लागला म्हणजे वार लागला. कबुलीची गरज उरली नाही, आणि गरज उरली नाही म्हणजे रिवाजही फार दिवस टिकत नाही.

ही जुनी गोष्ट काढण्याचे कारण असे की, असिक्रीडेचा इतिहास जतन करण्यासाठी स्थापन झालेल्या संग्रहालयांविषयी आम्ही अलीकडे विचार करीत होतो. अमेरिकेत लुइझियाना राज्यातील श्रेव्हपोर्ट या गावी असे एक संग्रहालय आहे. युरोपातील मोठ्या शस्त्रागारांतूनही या विद्येचे दालन असतेच. अशा संस्थांचा, विशेषतः लहान संस्थांचा, संसार बहुतांशी देणग्यांवर चालतो. म्हातारा खेळाडू आपली फॉइल, जाळीचा मुखवटा, चार पदके व पिवळी पडलेली छायाचित्रे आणून देतो. किंवा तो गेल्यावर त्याची मुलेबाळे माळा साफ करताना सापडलेली ट्रंक पाठवून देतात. या उद्योगाविषयी आमच्या मनात आदरच आहे. ही संग्रहालये नसती तर त्या ट्रंका भंगारवाल्याच्या घरी गेल्या असत्या. परंतु आदर बाळगूनही एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. देणगीच्या वस्तूंनी जो इतिहास जपला जातो, तो कोणाचा?

आधी एक सामान्य आक्षेप दूर करू. कोणी म्हणेल, विद्या हातात असते, वस्तूत नसते. गवयाचा तंबोरा खुंटीला टांगून ठेवल्याने त्याचे गाणे उरत नाही, तद्वत् उस्तादाची तलवार कपाटात ठेवल्याने त्याची विद्या उरत नाही. हे म्हणणे निम्मे खरे आहे. बाकीच्या निम्म्याला कॅप्टन आल्फ्रेड हटन याचे चरित्र हेच उत्तर होय. हा गृहस्थ १८३९ साली जन्मला, सैन्यात शिरला व काही वर्षे हिंदुस्थानातही होता. १८६२ साली त्याने आपल्या पलटणीतील मंडळींसाठी तलवारीच्या हातांवर एक छोटीशी पुस्तिका लिहिली. लांब सुरी आणि खंजीर दोन्ही हातांत घेऊन लढण्याची सोळाव्या-सतराव्या शतकांतील विद्या त्याच्या काळी इंग्लंडात साफ नामशेष झाली होती. शिकविणारा एकही गुरू जिवंत नव्हता. हटन व त्याचा मित्र एगर्टन कॅसल यांनी इटालियन व इतर उस्तादांचे जुने ग्रंथ जमविले, त्यांतील आकृत्या पाहून पवित्रे बसविले, आणि १८९० च्या सुमारास लंडनच्या प्रेक्षकांपुढे ते मेलेले डाव पुन्हा उभे करून दाखविले. हटन १९१० साली वारला तेव्हा असिक्रीडेवरील आपला ग्रंथसंग्रह त्याने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयास मृत्युपत्राने दिला. आज युरोप-अमेरिकेत हजारो तरुण जुन्या पोथ्या उघडून या विद्येचा अभ्यास करतात, त्यांचा मूळ पुरुष हाच म्हणावयास हवा. गुरुपरंपरा तुटली असताना कागदाने विद्या पुन्हा जिवंत केली, ती अर्थात जशीच्या तशी नव्हे. आकृतीत पाऊल कोठे पडले ते दिसते, किती जोराने पडले ते दिसत नाही. तरी पण जे हाती आले तेही थोडे नव्हे.

अशा पोथ्यांपैकी सर्वांत जुनी म्हणून जी उपलब्ध आहे ती इंग्लंडात लीड्स येथील शस्त्रागारात असून सुमारे १३०० सालानंतरच्या काही वर्षांतली समजली जाते. तीत ढालतलवार शिकविणारा गुरू एक पाद्री आहे, आणि शेवटच्या पानांवर त्याच्यासमोर वाल्पुर्गिस नावाची एक स्त्री शस्त्र धरून उभी आहे! पुढे सहाशे वर्षांनी, १९२४ साली, ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना फॉइल खेळू देण्यात आले. एपेसाठी त्यांना १९९६ आणि सेबरसाठी २००४ साल उजाडावे लागले. ती पोथी कोणी जपली नसती तर स्त्रियांच्या हाती तलवार ही अर्वाचीन काळातील टूम आहे, असे ठासून सांगणाऱ्या पंडितांना उत्तर देणे अवघड गेले असते.

तेव्हा वस्तू जपाव्यात की नाही हा वादच नाही. वाद आहे तो देणगीच्या स्वभावाविषयी. आपण होऊन दिलेली वस्तू ही नेहमीच देणाऱ्याची बाजू मांडत असते. चषक दिला जातो. ज्या सामन्यात पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळावा लागला त्याची आठवण कोणी देत नाही. देणाऱ्याने मुद्दाम लबाडी केली असे नव्हे. आपली मानचिन्हे जपून ठेवणे आणि आपल्या फजितीचे कागद चुलीत घालणे हा मनुष्यस्वभावच आहे, आणि वारस तर मूळ पुरुषाहून अधिक अभिमानी असतात. अशा शंभर ट्रंका एकत्र आल्या म्हणजे काचेच्या कपाटांत एक असे जग उभे राहते की, त्यात सर्वांनी वार मारले आहेत आणि कोणालाच तो लागलेला नाही. ज्या खेळाचे ब्रीदच लागलेला वार कबूल करणे हे, त्या खेळाच्या इतिहासाचे असे व्हावे, हे आम्हांस फार खटकते.

एक उदाहरण घेऊ. १९७६ साली माँट्रियल येथे बोरिस ओनिश्चेंको नावाच्या सोव्हिएत खेळाडूने पंचक्रीडेच्या सामन्यात जी एपे वापरली तिच्या मुठीत एक छुपी कळ होती. ती दाबली की वार न लागताच दिवा लागे. इंग्रज प्रतिस्पर्ध्याने वार चुकविला तरीही दिवा लागला, आणि लबाडी उघडकीस आली. ओनिश्चेंको साधा खेळाडू नव्हे. चारच वर्षांपूर्वी त्याने म्यूनिखला रौप्यपदक मिळविले होते. त्याची ती मूठ असिक्रीडेच्या संग्रहालयात असावी की नसावी? आमच्या मते ती अगदी दर्शनी जागी असावी. कबुली माणसाकडून काढून घेऊन यंत्रावर सोपविली तेव्हा काय मिळाले व काय गमावले, हे ती एक मूठ जितके स्पष्ट सांगेल तितके दहा व्याख्याने सांगणार नाहीत. आणि अशी वस्तू देणगीत कधी येणार नाही, हे सांगणे नलगे.

हे उदाहरण सोपे आहे, कारण त्यात दोष उघड आहे. हेलेने मायर हिचे तसे नाही. ही जर्मन मुलगी १९२८ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ॲम्स्टरडॅमला फॉइलचे सुवर्णपदक जिंकून आली, आणि जर्मनीने तिला डोक्यावर घेतले. तिचे वडील ज्यू होते. हिटलरचे राज्य येताच १९३३ साली तिच्या गावच्या क्लबाने तिचे नाव काढून टाकले. ती त्या वेळी कॅलिफोर्नियात शिकत होती. तरीही १९३६ साली ती बर्लिनला जर्मनीकडून खेळली, हंगेरीच्या इलोना एलेककडून हरून दुसरी आली, आणि पदक घेताना तिने हात पुढे करून नाझी सलाम केला. एलेकच्या घराण्यातही ज्यू रक्त होते. ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. पुढे मायर अमेरिकेत परतली, तेथे एकूण आठ वेळा राष्ट्रीय विजेती झाली, आणि १९५३ साली मायदेशी कर्करोगाने वारली. तिने सलाम का केला याची उत्तरे अनेकांनी अनेक दिली आहेत: घरच्यांची काळजी, देशाविषयीचे न सुटणारे प्रेम, महत्त्वाकांक्षा. आम्ही त्यांतील एक निवडून तिला दोषी किंवा निर्दोष ठरवू इच्छीत नाही. परंतु तिची एखादी फॉइल कपाटात ठेवून तिच्याखाली केवळ पदकांची यादी लिहिणारा चालक तिच्यावर उपकार करीत नाही. तो तिला विजयाचे एक यंत्र करून टाकतो. सलामाचे छायाचित्र त्या फॉइलशेजारी लावले म्हणजेच ती पुन्हा मनुष्य होते.

अत्तिला पेट्शाउएरची गोष्ट याहून कठोर आहे. १९०८ पासून १९६४ पर्यंतच्या ऑलिंपिकमध्ये सेबरची वैयक्तिक सुवर्णपदके, १९२० चा एक अपवाद सोडल्यास, सगळी हंगेरीने नेली. त्या देशाच्या संघातून पेट्शाउएरने १९२८ व १९३२ साली सुवर्ण जिंकले. तो ज्यू होता. दुसऱ्या महायुद्धात त्याच्याच देशाने त्याला सक्तीच्या मजुरीच्या तुकडीत पाठविले, आणि १९४३ साली तो त्या छळातच मेला. या वीरांच्या सेबरींची आरास मांडताना हंगेरीचे वैभव सांगावे, जरूर सांगावे. पण त्या वैभवाने आपल्याच माणसाचे काय केले, ते सांगावयाचे कोणी?

आमचे एक विद्वान स्नेही यावर म्हणतात, ‘संग्रहालय म्हणजे न्यायासन नव्हे. तरुणांनी तेथे यावे, स्फूर्ती घ्यावी, आणि ज्याने विश्वासाने वस्तू दिली त्याचा मान राहावा, एवढेच त्याचे काम. दात्याच्या बापाचे दोष चिठ्ठीवर लिहाल तर उद्या तुम्हांला कोण काय देईल?’ या म्हणण्यातील व्यावहारिक अडचण आम्ही नाकारीत नाही. पण विश्वासाने दिलेली वस्तू आणि विश्वासाने दिलेली हकीकत यांत भेद आहे. वस्तू जपण्याचे वचन संस्थेने दिलेले असते. हकीकत खरी मानण्याचे वचन तिने दिलेले नसते, आणि देणे तिच्या हातीही नाही.

या बाबतीत आम्हां मराठी मंडळींस दुसऱ्यांकडे बोट दाखविण्याचा फारसा अधिकार नाही. आमच्याकडे शस्त्रे जपली जातात ती खंडेनवमीस. जुन्या वाड्यांतून पट्टा, तलवार, कट्यार वर्षातून एकदा बाहेर निघते, तेलपाणी होते, हळदकुंकू वाहिले जाते आणि पुन्हा गवसणीत जाते. यात भाव सुंदर आहे, आणि पाते गंजत नाही हा लाभही आहे. परंतु पूजेची वस्तू झाली की तिला प्रश्न विचारता येत नाही. हे पाते कोठे घडले, कोणी चालविले, कोणावर चालले, हे देव्हाऱ्यापुढे विचारणारा उद्धट ठरतो. २०२४ साली लंडनच्या त्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्यास प्रदर्शनासाठी आली. ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट असताना ती त्याला मिळाली, अशी हकीकत त्यांच्या डबीवर आहे, आणि त्याच्या वंशजाकडून ती देणगी म्हणून संग्रहालयात गेली. अफझलखानाच्या वधाची हीच वाघनखे काय, याची निश्चिती करता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. पुष्कळांस या सांगण्याचा राग आला. आम्हांस मात्र वाटले की, आपल्या सर्वांत गाजलेल्या वस्तूविषयी असे बोलण्यास धैर्य लागते. दात्याची डबी जपली, तिच्यावरचा मजकूरही जपला, आणि त्या मजकुरापुरते ‘लागला’ म्हणून मोकळे झाले.

आता या विद्येची संग्रहालये उभारणाऱ्यांस आमची एवढीच विनंती आहे की, देणगी येईल ती घ्यावीच, पण घेताना दोन गोष्टी आणखी मागाव्यात. वीज येण्यापूर्वी एपेच्या टोकास तीन बारीक काटे बसवीत. ते प्रतिपक्ष्याच्या जाकिटात अडकत आणि कापडास इवलीशी भोके पाडीत. अशी भोके पडलेली, रफू केलेली जाकिटे दाते सहसा पाठवीत नाहीत, कारण ती जुनेर दिसतात. ती मागून घ्यावीत. दुसरी गोष्ट आपल्याच देशातली आहे. चेन्नईची भवानी देवी २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरली. असिक्रीडेत तेथवर पोहोचलेली ती पहिली भारतीय. पहिला सामना तिने १५-३ असा जिंकला, दुसरा ७-१५ असा हरली. तिने भेट दिलेली तलवार पुढे सरकारी लिलावात कोटीहून अधिक रुपयांस गेली. पण लहानपणी शिकताना तलवार महाग म्हणून तिने बांबूच्या काठीवर सराव केला होता. ती काठी, किंवा तिच्यासारखी एखादी, कोणी मागून घेतली आहे काय?