परक्या देवळाचा उंबरठा

गेल्या एकादशीला कीर्तन आटोपल्यावर बुक्का लावून मंडळी उठू लागली, तेव्हा एका माळकऱ्याने आम्हांस बाजूला घेऊन हळूच एक प्रश्न विचारला. म्हणाला, "बुवा, गोव्यात आपण ते चर्च पाहिलं. फार सुंदर वाटलं हो. पण घरी आल्यापासून मनाला टोचणी लागलीय. गळ्यात तुळशीची माळ, आणि परक्या देवळात उभं राहून मान डोलावली. हे चुकलं तर नाही ना?"

हा प्रश्न लहान नाही. हसण्यावारी नेण्याजोगा तर मुळीच नाही. ज्याच्या मनात निष्ठा आहे त्यालाच अशी टोचणी लागते. म्हणून त्या वारकऱ्याला चार शब्दांत वाटेला न लावता आम्ही त्यावर सावकाश विचार केला. तोच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम घडले ते सांगतो. भिवंडीकडची आम्ही तीसएक मंडळी गोव्याला देवदर्शनास गेलो होतो. प्रियोळचा मंगेश, कवळ्याची शांतादुर्गा, असे फोंड्याकडचे देव करून परत फिरताना वाटेत जुने गोवे लागले. गाडीवाला म्हणाला, इथली चर्चे पाहायला देशोदेशीचे लोक येतात, तासभर थांबू. थांबलो.

आधी से कॅथेड्रल पाहिले. 1562 साली त्याचे बांधकाम सुरू झाले आणि 1619 साली पुरे झाले, म्हणजे दोन पिढ्या दगडच रचीत होत्या. लांबी सुमारे 76 मीटर. पूर्वी पुढच्या बाजूला दोन मनोरे होते. त्यांतला एक 1776 साली कोसळला, तो पुन्हा कोणी उभारला नाही. त्यामुळे एक हात गमावलेल्या म्हाताऱ्यासारखी ती इमारत उभी आहे. समोरच बॉम जीझस. त्याच्या दर्शनी भागाचा काळा दगड पाहून आमच्यातला एक जण म्हणाला, "हा तर आपल्याकडचा दगड दिसतो!" आणि खरोखरच तो वसईहून नेलेला आहे. गोव्याचा दगड म्हणजे तांबडा जांभा. नक्षीकामासाठी कठीण काळा दगड हवा, म्हणून तो आमच्या शेजारच्या वसईहून गेला. आत सेंट फ्रान्सिस झेवियर यांची समाधी आहे. तिचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या कारागिराने घडविला आणि तिकडच्या टस्कनी प्रांताच्या राजाने तो भेट म्हणून पाठविला. 1698 साली तो इथे बसविला गेला.

पण मंडळी खरी खिळून राहिली ती थोडे पुढे, सेंट कॅजेटनच्या चर्चमध्ये. हे चर्च पोर्तुगीजांनी नव्हे, थिएटाईन पंथाच्या इटालियन साधूंनी बांधविले. ते 1661 च्या सुमारास पुरे झाले. रोमच्या सेंट पीटर या जगप्रसिद्ध मंदिराचा नमुना त्यांनी डोळ्यांपुढे ठेवला होता. इटलीला जाणे आपल्यासारख्यांच्या नशिबी कुठले? पण इटलीचा एक तुकडा असा आपल्या कोकणपट्टीवरच येऊन बसला आहे.

आत गेल्यावर वर पाहावे. चार जाडजूड खांब, त्यांवर चार कमानी आणि त्या कमानींच्या डोक्यावर गोल घुमट. चौकोनावर वर्तुळ कसे बसवले, असा प्रश्न आमच्यातल्या एका गवंड्याला पडला. तो मान वर करून बराच वेळ पाहत राहिला आणि मग त्यानेच आम्हांस समजावून दिले. दोन कमानींच्या मधला कोपरा आहे ना, तो आत झुकत झुकत वर नेला आहे. असे चारही कोपरे वर जाऊन एकमेकांना भेटतात, तिथे गोल तयार होतो. घुमटातला प्रत्येक दगड खाली पडू पाहतो, आणि शेजारचा दगड त्याला पडू देत नाही. म्हणून सगळे मिळून साडेतीनशे वर्षे वर राहिले आहेत. घुमटातून खाली येणारा उजेड पांढऱ्या चुन्याच्या भिंतींवर पसरतो, डोळ्यांना त्रास देत नाही. बोलके लोकसुद्धा तिथे हळू बोलू लागले.

आमच्यासोबत एक आजी होत्या. पंढरीच्या कितीतरी वाऱ्या केलेल्या. त्यांनी दाराबाहेर वहाणा काढल्या. तिथला माणूस म्हणाला, "आजी, इथं चपला काढाव्या लागत नाहीत." आजी म्हणाल्या, "तुमच्यात नसंल लागत. जिथं कुणी डोळे मिटून बसतं तिथं आम्हांला वहाण घालून जाववत नाही बाबा." झाले! आजींच्या मागोमाग सगळ्यांच्या वहाणा दाराबाहेर रांगेने लागल्या.

इतके होईपर्यंत सारे गोड होते. बाहेर आल्यावर मात्र एक तरुण उसळून म्हणाला, "तुम्ही कौतुक काय करता? ज्या मंगेशाचं दर्शन सकाळी घेतलंत, तो तिथं हौसेनं गेला का?"

त्याचे म्हणणे खरे होते, आणि खरे ते ऐकून घेतलेच पाहिजे. 1540 साली तिसवाडीतली देवळे पाडली गेली. पुढे साष्टी-बारदेशातही तेच घडले. 1560 साली कुठ्ठाळीचा मंगेश भक्तांनी खाडीपलीकडे प्रियोळला नेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. त्याच 1560 साली गोव्यात इन्क्विझिशन नावाचे धर्मन्यायालय बसले. मधला थोडा काळ सोडला तर 1812 पर्यंत त्याने माणसांना त्यांच्या श्रद्धेबद्दल छळले. आणि ते से कॅथेड्रल? ते सेंट कॅथरीनच्या नावाचे आहे, कारण 1510 साली तिच्या सणाच्या दिवशी पोर्तुगीजांनी गोवा जिंकला. म्हणजे देवाचे घर खरे, पण जयस्तंभही खरा. हे विसरून नुसते "वा, काय घुमट!" म्हणणे म्हणजे आपल्याच आजोबांच्या डोळ्यांतले पाणी न पाहणे होय.

मग टोचणी रास्त ठरली काय? त्या तरुणाला उत्तर देण्याआधी आम्ही भिवंडीची वाट आठवली. आपल्या तालुक्यातच वज्रेश्वरी आहे. दर नवरात्रात आपण तिथे जातो, पायऱ्या चढतो, आईपुढे डोके ठेवतो. ते देऊळ कसे उभे राहिले? वसईचा किल्ला मिळू दे, तुझे देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी केला, आणि 1739 साली वसई मिळाल्यावर तो फेडला. तेही देवीचे घर खरे आणि जयाची खूणही खरी. वसईच्या चर्चांतल्या घंटा विजयानंतर आपल्या देवळांना वाटल्या गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकराला एक आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर जी आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती अजून स्पष्ट दिसते. आपण ती वाजवतो. मेरीच्या घंटेचा नाद महादेवापर्यंत पोहोचत नाही असे आजवर कोणी म्हटले नाही.

म्हणून दोन्ही बाजू सारख्या झाल्या, फिटंफाट झाली, असे आम्ही म्हणत नाही. ज्याचे देऊळ पाडले त्याचे दुःख दुसऱ्याची घंटा आणून भरून निघत नाही. आम्ही इतकेच म्हणतो की जिथे जिथे राजा देवाचे घर बांधतो, तिथे दगडाबरोबर राजाचा अभिमानही रचला जातो. हा दोष एका धर्माचा नव्हे. खुद्द रोमचे सेंट पीटर घ्या. 1506 साली त्याचा पाया घातला. त्याच्या खर्चासाठी पापक्षमेची पत्रे विकून पैसा गोळा केला गेला. त्याविरुद्ध 1517 साली मार्टिन ल्यूथरने आवाज उठविला आणि सगळा ख्रिस्ती युरोप दुभंगला. मायकेलअँजेलोने आखलेला तो घुमट जगात अजोड, पण त्याच्या एका वाशाखाली गरिबांच्या भीतीचा पैसा आहे.

आणि आपली पंढरी? महाद्वारी, नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. ते मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर राबत होते. 1338 साली ती भिंत कोसळली आणि चोखोबा आपल्या सोबत्यांसह तिच्याखाली गाडले गेले. हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले त्यावरून नामदेवरायांनी ती ओळखली आणि पंढरीला आणली, अशी आपली परंपरा सांगते. ज्या महाभक्ताला जिवंतपणी देवळात पाऊल टाकता आले नाही, तो दुसऱ्यांची भिंत बांधताना गेला. त्याच्या माणसांना आत घेण्यासाठी 1947 सालच्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात दहा दिवस उपोषण करावे लागले. देऊळ परक्याने पाडले म्हणून रडणाऱ्या आपण आपल्याच माणसाला देवळाबाहेर सहाशे वर्षे उभे ठेवले. ही आठवण झाली की दुसऱ्याकडे दाखवलेले बोट आपोआप खाली येते.

चोखोबांच्या समाधीपाशीच आम्हांला ह्या प्रश्नाचे उत्तर सापडते. कोणतेही थोर देवघर पाहताना तिथे तीन जण उभे असतात. एक ज्याच्यासाठी ते बांधले तो देव, दुसरा ज्याने हुकूम दिला तो धनी, आणि तिसरा ज्याने दगड वाहिला, घडविला, रचला तो मजूर. आपण ह्या तिघांची एकच मोट बांधतो, म्हणून गोंधळ होतो. धन्याने अन्याय केला असेल तर त्याला अन्यायच म्हणावे, साल-तारखेसह म्हणावे, मुलाबाळांना सांगावे. त्यात लपवालपवी नको. पण जुन्या गोव्याच्या घुमटावर चुना लावणारा, वसईचा दगड टाकीने घडविणारा जो हात होता, तो बहुतेक आपल्यासारख्याच कुणाचा तरी होता. त्याच्या कष्टाला दाद दिल्याने धन्याचा अन्याय क्षम्य होत नाही, आणि धन्याचा राग त्या हातावर काढल्याने आपले पाडलेले देऊळ उभे राहत नाही. दोन हिशेब दोन वह्यांत ठेवावेत. एकाची शिल्लक दुसऱ्यात ओढू नये.

ह्याची साक्ष आम्हांला कवळ्यालाच मिळाली होती, पण तेव्हा कळली नाही. शांतादुर्गेचे आजचे देऊळ अठराव्या शतकातले. शाहू छत्रपतींच्या काळी नारो राम मंत्री यांनी ते बांधविले. त्याच्यावर काय आहे? घुमट आहे! खिडक्यांना कमानी आहेत. ज्यांच्यामुळे देवीला आपले गाव सोडावे लागले, त्यांच्याच इमारतींवरून गोव्याच्या कारागिरांनी घुमट घेतला आणि तो देवीच्या डोक्यावर छत्रासारखा धरला. पुढे आपली दीपमाळ उभी केली, दारात तुळस लावली. त्या भक्तांइतकी जखम तर आपल्याला झालेली नाही ना? त्यांना जर देखणे ते देखणे म्हणता आले, तर आपण कशाला अडावे?

आता त्या वारकऱ्याची शंका उरते. निष्ठेचे काय? एकनिष्ठेला बट्टा लागत नाही काय? आम्ही म्हणतो, पंढरी आपले माहेर आहे. सासुरवाशीण चार घरी जाते, कुणाचे सारवलेले अंगण पाहून "किती छान हो" म्हणते. म्हणून तिचे माहेर बदलते का? सणाला तिची पावले कुठे वळतात ते पाहावे. जिला माहेराची खात्री आहे तीच दुसऱ्याच्या अंगणाचे मोकळ्या मनाने कौतुक करू शकते. निष्ठा जिथे कच्ची असते तिथेच दुसऱ्याची निंदा करून तिला टेकू द्यावा लागतो. ज्ञानेश्वर माउलींनी ग्रंथ संपवताना प्रसाद मागितला तो साऱ्या विश्वासाठी, कुण्या एका गावासाठी नव्हे. त्यांचे नाव घेणाऱ्याने एका घुमटाला भ्यावे हे शोभत नाही.

आणि वाचकहो, हा प्रश्न गोव्याच्या सहलीपुरता आहे काय? आपली भिवंडी मागांचे गाव. उभा धागा एकाने भरायचा, आडवा दुसऱ्याने चालवायचा, तेव्हा कापड होते. ह्याच गावाने 1970 आणि 1984 च्या दंगली पाहिल्या आहेत. त्या दिवसांत शेजाऱ्याच्या देवघराचा उंबरठा म्हणजे शत्रूची हद्द झाली होती. इतिहासाची आठवण पेटवायची म्हटली तर ती पेटते, आणि मग घर कोणाचे जळते ते ती पाहत नाही. म्हणून आठवण ठेवायची, पण ती कशी ठेवायची हे शिकले पाहिजे. देव्हाऱ्यातल्या समईसारखी ठेवावी. घरातल्यांना उजेड पडेल, छपराला लागणार नाही.

त्या उसळलेल्या तरुणाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. तो गाडीत बराच वेळ गप्प होता. आजींनी त्याला हाक मारून जवळ बसविले आणि पुरचुंडीतला मंगेशाचा प्रसाद त्याच्या हातावर ठेवला. म्हणाल्या, "बाळा, तुझा राग खोटा नाही. पण तो घुमट ज्यानं डोक्यावर दगड वाहून चढवला, त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटली का रे? तेवढं मला कुणी सांगितलंच नाही."

तो काही बोलला नाही. आम्हांलाही उत्तर आले नाही. परक्या देवळाच्या उंबरठ्यावर वहाण काढावी, माळ सांभाळावी, आणि असा एखादा प्रश्न घेऊन घरी यावे. टोचणी लागायची तर ती ह्या प्रश्नाची लागो.

रामकृष्णहरि.