पाहुण्याचे प्रेम, रहिवाशाचे प्रेम



मे महिन्याची किंवा नाताळाची सुट्टी संपवून परत निघताना आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून एक वाक्य हमखास निघते : "इथेच कायमचे राहता आले असते तर!" बॅगा रिकाम्या होईपर्यंत ते वाक्य विरून जाते, आणि सोमवारची लोकल पकडताना त्याची आठवणही राहत नाही. आम्ही उभयतां मात्र ते वाक्य सतरा वर्षे उराशी बाळगून होतो. त्याचे पुढे काय झाले, आणि त्यातून आम्हांला जो प्रश्न पडला, तो आज आपणांपुढे मांडावा असे वाटते.

२००४ साली संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी आम्ही आपल्या धर्मग्रामातील मंडळींसोबत ओल्ड गोव्याला गेलो. दर्शन झाले, आणि पुढचे चार दिवस सासष्टी तालुक्यातील एका गावी मुक्काम केला. पहाटे पोदेराचा भोंगा, गरम पोळी, शेतापलीकडे पांढरेशुभ्र चर्च, ओट्यावर गप्पा मारणारी माणसे. आम्ही त्या गावाच्या प्रेमात पडलो. त्यानंतर जमेल तेव्हा, बहुतेक डिसेंबरात, त्याच गावी जात राहिलो. २०२१ मध्ये सेवानिवृत्तीचे पैसे हातात आले तेव्हा आमचा बेत पक्का झाला होता. घरामागची लहानशी वाडी विकायची, गोव्यात दोन खोल्या घ्यायच्या आणि उरलेले आयुष्य तेथे काढायचे.

मुले गप्प राहिली. बोलल्या त्या फक्त आमच्या थोरल्या काकी. वय पंच्याऐंशीच्या पुढे, शाळा चौथीपर्यंत. म्हणाल्या, "बाबांनो, जायचं तर जा. पण विकायच्या आधी एक पावसाळा भाड्यानं राहून बघा. तुम्ही इतक्या वेळा गेलात, तिथं कधी कुणाच्या मयताला गेलात का?"

आम्ही हसलो. सुट्टीत कोणी मयताला जाते का? परंतु भाड्याने राहून पाहण्याची सूचना व्यवहाराची होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये आम्ही अकरा महिन्यांचा करार करून तेथे राहायला गेलो.

पहिले सहा महिने स्वप्नासारखे गेले. मे महिन्यात शेजारच्या आंटी पुरुमेंताच्या तयारीला लागल्या. पुरुमेंत म्हणजे पावसाळ्याची बेगमी : सुकी मासळी, मिरच्या, कोकम, लोणची. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामुळे ताजी मासळी कमी आणि महाग. आंटींनी आम्हांला सांगितले, पण आम्ही मनावर घेतले नाही. आमच्या मनातले गोवा डिसेंबरचे होते, आणि डिसेंबरात कोणी बेगमी करत नाही.

मग पाऊस आला. आपण वसईकर, पाऊस आपल्याला नवा नाही. पण घरच्या पावसाची आपल्याला माहिती असते. कुठले कौल गळते, वीज गेली तर कोणाला फोन करायचा, सापासाठी कोणाला हाक मारायची, हे न विचारता ठाऊक असते. तेथे आम्हांला प्रत्येक गोष्टीसाठी कोणाचे तरी दार ठोठवावे लागले. लोक धावून येत. पण मदत घेणारे आम्ही आणि देणारे ते, असा सारा एकेरी मामला होता. आमच्यावाचून कोणाचे काही अडत नव्हते. आमच्या रांगेतली चार घरे तर कुलूपबंदच होती. शहरातल्या लोकांनी विकत घेतलेली, नाताळात दिवे लागणारी. आंटींचा धाकटा मुलगा लग्नानंतर भाड्याची जागा शोधत दोन गावे पलीकडे गेला होता, कारण गावातली भाडी पाहुण्यांच्या हिशेबाने चढली होती. हे आंटींनी तक्रारीच्या सुरात नव्हे, सहज सांगितले. आम्ही मान खाली घातली, कारण आमच्यासारख्यांच्या 'प्रेमा'चाही त्या भाड्यात वाटा होता.

जुलै महिन्यात एका सकाळी चर्चची घंटा संथपणे वाजू लागली. कोणीतरी वारले होते. थोड्या वेळाने घराघरांतून काळ्या कपड्यांतली माणसे छत्र्या घेऊन बाहेर पडली. आंटीही निघाल्या. आम्ही विचारले, कोण गेले? त्यांनी एक नाव सांगितले. त्या नावाने आमच्या मनात कोणताही चेहरा उभा राहिला नाही. जावे की न जावे हे आम्हांला ठरवता येईना. अखेर आम्ही खिडकीतून अंत्ययात्रा जाताना पाहिली, आणि काकींचा प्रश्न आम्हांला प्रथमच कळला.

त्याच महिन्याच्या अखेरीस काकी गेल्या. फोन संध्याकाळी आला, दफनविधी दुसऱ्या दिवशी सकाळी. मिळेल त्या गाडीने निघालो. वसईला उतरून दफनभूमीवर पोहोचलो तेव्हा माती पडून तीन तास झाले होते आणि वर ठेवलेली फुले पावसाने चिखलात दबली होती. एका गावातले मयत आम्ही खिडकीतून पाहिले आणि दुसऱ्या गावातल्या मयताला पोहोचलो नाही. तेव्हा आम्ही नेमके कोठले, हा प्रश्न त्या दिवशी आम्ही एकमेकांना विचारला.

या प्रश्नाचे सोपे उत्तर असे की पाहुण्याचे प्रेम खोटे आणि रहिवाशाचे खरे. आम्हांला हे उत्तर पटत नाही. पाहुणा जे पाहतो ते खरेच असते. त्या चर्चचा पांढरा रंग खरा होता, पोळीचा वास खरा होता. डोंगरावर प्रभूचे रूपांतर झाले तेव्हा पेत्राला तेथेच तीन मंडप उभारावेसे वाटले. त्याला दिसलेले तेज खोटे नव्हते. परंतु ते सारे डोंगरावरून खाली उतरले, आणि खाली एक आजारी मुलगा आणि हवालदिल झालेला बाप त्यांची वाट पाहत होता. डोंगरावर दिसते ते कशासाठी, हे खाली उतरल्यावर ठरते.

मग फरक कशात आहे? आम्हांला वाटते तो असा. सुट्टीत ती जागा आपल्यासाठी असते. तिचे हवामान, तिचे जेवण, तिची शांतता, सगळे आपल्या सुखाच्या मापाने आपण मोजतो. माप उतरले नाही की पुढच्या वर्षी दुसरी जागा. राहू लागल्यावर मात्र ती जागाही आपल्याकडे काही मागू लागते. आपला वेळ, आपली भाषा, आपला खांदा. जे मागितले जाते ते द्यायची आपली तयारी आहे की नाही, येथे प्रेमाची परीक्षा होते. लग्नाविषयीही आपण हेच सांगतो. ओळखीच्या पहिल्या दिवसांतला आनंद खोटा नसतो, पण त्याला प्रेम हे नाव पूर्ण अर्थाने पुढे मिळते, आजारपणात आणि पैशांच्या चणचणीत.

याचा अर्थ माणसाने जन्मगाव सोडूच नये असा नाही. तसे म्हटले तर आपल्यातल्या अनेकांना उत्तर देता येणार नाही. आपली कितीतरी मुले परदेशी स्थिरावली आहेत, आणि २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली ती बाहेरून आलेल्या कुटुंबांमुळेच. परक्या जागी जाऊनही तिचे होता येते. बेल्जियमचे फादर दामियन यांचे उदाहरण घ्या. हवाई बेटे आज जगाचे सुट्टीचे ठिकाण आहेत. त्यांतल्या मोलोकाई बेटावर, समुद्रातून सरळ उभ्या राहिलेल्या प्रचंड कड्यांच्या पायथ्याशी, १८६६ पासून कुष्ठरोग्यांना नेऊन सोडले जाई. जागा चित्रासारखी सुंदर, आणि जगणे नरकासारखे. फादर दामियन १८७३ साली तेथे गेले. त्यांनी घरे बांधली, पाण्याची सोय केली, शवपेट्या केल्या, मृतांना पुरले. स्वतःला रोग होण्याच्या कितीतरी आधीपासून ते प्रवचनात 'आम्ही कुष्ठरोगी' असे म्हणत. १८८९ मध्ये ते त्याच रोगाने तेथेच वारले. २००९ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संत घोषित केले.

त्यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांनी स्कॉटलंडचे लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन त्या वसाहतीला भेट देऊन गेले. पुढे फादर दामियन यांची निंदा झाली तेव्हा त्यांच्या बाजूने जाहीर पत्र लिहिणारे हेच स्टीव्हन्सन. ते स्वतः प्रकृतीसाठी दक्षिणेकडच्या सामोआ बेटावर राहायला गेले होते. परंतु तेथल्या लोकांचा न्याय परकीय सत्ता कसा पायदळी तुडवत आहेत हे पाहून त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले आणि तुरुंगात टाकलेल्या स्थानिक सरदारांची काळजी घेतली. सुटल्यावर त्या सरदारांनी आपल्या श्रमाने त्यांच्या घरापर्यंत रस्ता बांधून दिला. १८९४ मध्ये ते वारले तेव्हा सामोआच्याच लोकांनी त्यांना खांद्यावरून डोंगरमाथ्यावर नेऊन पुरले. हवा बदलायला आलेला माणूस त्या गावचा झाला होता. काकींच्या परीक्षेत ते पास झाले असते.

'ते' म्हणणारी जीभ 'आम्ही' म्हणू लागते, आणि त्या 'आम्ही'ची किंमत मोजते, तेव्हा माणूस रहिवासी होतो. हे कोणत्याही गावी घडू शकते. आणि कित्येकदा जन्मगावीही घडत नाही.

हे शेवटचे वाक्य आम्ही स्वतःविषयी लिहीत आहोत. काकींच्या दफनानंतर शेजारीपाजारी एकेक आठवण सांगू लागले. बावखल बुजवायचा घाट घातला गेला तेव्हा काकी ग्रामसभेत उठून बोलल्या होत्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसईच्या मोर्चात त्या डोक्यावर पदर घेऊन चालल्या होत्या. जुलै २०१८ च्या पुरात, वीज नसताना, आळीतल्या बाळंतिणीला त्यांनी रोज गरम पेज पोहोचवली होती. यांतले आम्हांला काय ठाऊक होते? आम्ही तीस वर्षे अंधारात घर सोडत होतो आणि अंधारात परतत होतो. रविवारी मिस्सा, मग झोप, मग बाजार. ग्रामसभेला आम्ही एकदाही गेलो नव्हतो. वसईत आम्ही मुक्कामाला होतो, इतकेच.

दर रविवारी मुंबईहून गाड्या भरून लोक राजोडी, कळंब, अर्नाळ्याला येतात. आपल्या वाड्या, केळी, पानवेली पाहून म्हणतात, "किती भाग्यवान तुम्ही!" आपण मनात हसतो. यांना विहिरींत उतरलेले खारे पाणी ठाऊक नाही, तुंबलेले रस्ते ठाऊक नाहीत. आपले म्हणणे बरोबर आहे. पण पाहुण्यांचेही बरोबर आहे. सवयीने आपल्या नजरेतून गेलेले त्यांना दिसते. ज्या वाडीकडे आपण केवळ गुंठ्यांचा भाव म्हणून पाहतो, तिच्यासमोर अनोळखी माणूस दोन मिनिटे थांबतो. आम्हीही ती वाडी विकायला निघालो होतो, दुसऱ्याच्या गावची हिरवळ विकत घेण्यासाठी. पाहुण्याची नजर आणि रहिवाशाची जबाबदारी या दोन्ही गोष्टी एकाच माणसात नांदाव्यात, एवढीच आमची आता प्रार्थना आहे.

करार संपल्यावर आम्ही परतलो. वाडी विकली नाही. आळीतल्या दोन तरुणांच्या मदतीने तिथे पुन्हा केळी लावली आहेत. ग्रामसभेला जातो. तेथे कंटाळा येतो, भांडणे होतात, तरी जातो.

गोव्यावरचे प्रेमही आटलेले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये, पुन्हा पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी, आम्ही गेलो. वाडीतल्या सुकेळ्यांचा पुडा आंटींना दिला. त्या म्हणाल्या, पलीकडचा पोदेर सप्टेंबरात वारला. रोज पहाटे आम्हांला पोळी देणारा तोच. या वेळी नाव ऐकताच चेहरा डोळ्यांपुढे आला. समुद्रावर जाण्याआधी आम्ही आंटींसोबत दफनभूमीकडे गेलो.