पंप बदललास, टाकी बघितली नाहीस

टेबलावरच्या या बाटलीकडे बघ. मान खाली घालू नकोस, बाटलीकडे बघ. बोटीच्या वॉटर सेपरेटरच्या तळाचा नट सैल करून आज सकाळी मी हे काढलं. वर पिवळसर पेट्रोल आणि खाली चांगला दोन बोटं गढूळ थर. बाटली हलवली की सगळं एक होतं, जरा वेळ ठेवली की पुन्हा वेगळं. एक पाना आणि दहा मिनिटं, एवढंच काम होतं. तू चार दिवस घेतलेस. प्लग बदललेस, इंजेक्टर उतरवलेस आणि शेवटी मालकाचे 19 हजार घालून नवा फ्युएल पंप बसवलास. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

वर मला सांगतोस, "सर, काठावर तर मस्त चालत होतं." अरे, काठावर चालणारच! ट्रेलरवर पाइपाने पाणी देऊन इंजिन फिरवलंस, तेव्हा जेट पंपात ढकलायला पाणी कुठे होतं? लोड नाही तर पेट्रोलची मागणी नाही. तुंबलेल्या फिल्टरमधूनसुद्धा तेवढं झिरपतं. पाण्यात उतरून थ्रॉटल पूर्ण दाबला की इंजिनाला घटाघटा प्यायला लागतं, आणि तिथे घसा कोरडा पडतो. फ्युएल प्रेशर मोजलंस, तेही ट्रेलरवरच. काटा बरोबर दिसत होता, हे तुझ्याच वहीत लिहिलंय. मग पंप खराब हे ठरवलंस कशावरून?

जेट बोटीत तर निदान आणखी सोपं असतं. पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, की इम्पेलर किती लोड घेणार हे बोटीच्या वेगावर फारसं ठरत नाही, ते आरपीएमवर ठरतं. म्हणून पूर्ण थ्रॉटलचा आकडा हा या इंजिनाची नाडी आहे. रेस नेहमीपेक्षा वर जाते आणि बोट मात्र ओढत नाही, तर जेट हवा खातोय: जाळीत पिशवी किंवा दोरी अडकली असेल, नाहीतर इम्पेलर झिजला असेल. रेस वर चढतच नाही, गचके खात बसते, तर इंजिनच कमी पडतंय. तुझ्या बोटीची सुई तीन हजारांवर अडकत होती, हेही तू लिहिलंस. लिहिलंस आणि त्याचा अर्थ लावला नाहीस. वही कशाला ठेवायला सांगतो मी?

आता टाकीचं बोलू. बोट जून ते ऑगस्ट मालवणात ताडपत्रीखाली होती, टाकी अर्धी रिकामी. झाकणाची ओ-रिंग चिरलेली आहे, नखाने दाबली तर तडा उघडतो. आपल्या पेट्रोलमध्ये 2022 च्या मध्यापर्यंत दहा टक्के इथेनॉल आलं, 2025 मध्ये वीस टक्के झालं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, पण त्यालाही मर्यादा आहे. ती ओलांडली की पाणी आणि इथेनॉल हातात हात घालून तळाशी बसतात, आणि पिकअपचा पाइपही तळाशीच असतो. यावर तू काय केलंस? वरून दहा लिटर नवं पेट्रोल ओतलंस! एकदा फुटलेलं पेट्रोल नवं ओतून सांधत नाही. वर उरलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल निघून गेलेलं असतं, त्याचा ऑक्टेन घसरलेला असतो. ते पूर्ण उपसायचं, टाकी पुसायची, फिल्टर नवा घालायचा.

व्हेंटचं तोंडही बघितलं नाहीस. मी टॉर्च मारली तेव्हा आत कुंभारणीने मातीचं घर केलेलं होतं, अर्धं भोक बंद. पेट्रोल जातं तेवढी हवा टाकीत आली पाहिजे, नाहीतर टाकीच उलट ओढायला लागते. सुटं कॅन आणून ताजं पेट्रोल थेट पंपाला जोडलं असतंस आणि बोट पाण्यात नेली असतीस, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं की दोष पंपाच्या अलीकडे आहे. मग टाकीवरचा अँटी-सायफन व्हॉल्व्ह, पिकअप, व्हेंट, फिल्टर, एवढंच उरतं. सक्शनच्या बाजूला व्हॅक्यूम गेज लावायचं. बऱ्याच मरीन इंजिनांना पूर्ण थ्रॉटलला दोन इंच पाऱ्याच्या वर ओढ चालत नाही.

इथवर अज्ञान म्हणून मी सोडून दिलं असतं. पण पेट्रोलचा हा पाइप? हा तू मोटारीच्या स्पेअरच्या दुकानातून आणलास. मोटारीखालून वारा वाहतो, बोटीखाली बंद बिल्ज असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तिथेच साचते. म्हणून मरीन पाइपावर ए1 छापलेलं असतं: तो अडीच मिनिटं आगीत टिकेल, अशी चाचणी झालेली असते. तेवढ्यात माणसं पाण्यात उडी मारू शकतात. आणि काल ब्लोअर चार मिनिटं न चालवता तू स्टार्टर मारलास, हे मी दारातून पाहिलं.

न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टनने 1950 च्या दशकात उथळ नद्यांसाठी ही बोट आकाराला आणली, म्हणून तिला खाली पंखा नाही आणि सुकाणूचं पातंही नाही. मागच्या नोझलची धार वळवायची, एवढीच वळायची सोय. इंजिन गुदमरलं की धार गेली, आणि धार गेली की स्टिअरिंग नुसतं हातात फिरतं. सहा पर्यटक बसवून बोट खडकांकडे वेगात निघालीय आणि इंजिन बंद पडतंय, हे डोळ्यांसमोर आण. त्यात कुणाची तरी लहान पोरगी पुढे बसलेली असते. मला राग चार दिवसांचा नाही, याचा आहे.

आज संध्याकाळपर्यंत टाकी उपसून, पुसून, कोरडी करून ठेव. ब्लोअर आधी, बॅटरीची वायर काढून, जवळ अग्निशामक ठेवून. तो पाइप कापून टाक, म्हणजे दुसरा कुणी लावणार नाही. उद्या सातला गेज घेऊन आपण दोघं पाण्यात जाऊ, आकडे तू वाचायचेस. आणि जुना पंप मी बेंचवर लावून पाहिला आहे. तो चांगला आहे. मालकाकडे तो घेऊन तूच जा, आणि त्याचे पैसे कशात गेले हे तुझ्या तोंडाने सांग.