माप दोघांना एकच

टीकेला उत्तर द्यायचं म्हणजे काय? समोरच्याचं खोटं पाडायचं, की आपलंही तपासायचं?

१८५४ च्या एप्रिलात आग्र्याला पाद्री फांडर आणि मौलाना रहमतुल्ला कैरानवी यांचा जाहीर वाद झाला. मौलानांनी युरोपातल्याच पंडितांचे ग्रंथ पुढं ठेवले. बायबलच्या नकलांत चुका शिरल्यात, हे पाद्र्याला कबूल करावं लागलं. गोऱ्यांच्या राज्यात ही हिंमत मोठी. पण कुराणाची पाळी येण्याआधीच सभा मोडली. पुढं १८६४ च्या ‘इजहारुल हक’मध्ये मौलानांनी कुराण राखलं, बायबलला लावलेली चाळणी त्याला लावली नाही.

सर सय्यद अहमद खानांचं वेगळं. पैगंबरांवर टीका करणारा विल्यम म्यूर त्यांच्याच प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर. तरी १८७० साली लंडनमध्ये त्यांनी उत्तर छापलं. तिथंच थांबले नाहीत. निसर्ग ही देवाची करणी, कुराण ही देवाची वाणी. दोन्हींत विरोध नसतो, म्हणून अर्थ बुद्धीनं लावा, असं त्यांनी आपल्याच माणसांना सांगितलं. मौलवींनी त्यांना काफिर ठरवलं.

दोस्तांनो, वरचा बोट दाखवतो तेव्हा आधी घर राखावंसं वाटतं. ते मला कळतं. पण शत्रूचं माप शत्रूला लावणं हा डावपेच. तेच माप घरात आणणं ही नीती. मी दुसरीच्या बाजूनं आहे.