फ्री आणि प्रिय

परवा जेवता जेवता आमच्या चिरंजीवांनी जाहीर केलं, "बाबा, मी वेगळी खोली घेतोय. मला फ्री राहायचंय."

हातातला घास हातातच राहिला. म्हटलं, "इथे काय बेड्या घातल्यात तुला?"

"तसं नाही हो. पण फ्री नाही वाटत."

आता या 'फ्री'शी माझा परिचय किती, तर साबणाच्या दोन वड्यांवर मिळणाऱ्या चमच्याएवढा. बाकी सगळी नोकरी 'साहेब फ्री आहेत का?' असं शिपायाला विचारण्यात गेली. मी स्वतः फ्री झालो तो निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी. पण त्या दिवशी मला कुणी काही विचारलंच नाही!

शब्दावरून भांडायचं तर त्याचं कूळ माहीत हवं. म्हणून रद्दीवाल्याकडून वजनावर घेतलेला जाडजूड इंग्रजी कोश काढला. फ्री म्हणजे ज्याला बंधन नाही तो. हा अर्थ तर सरळसरळ चिरंजीवांच्या बाजूचा. पण खालची व्युत्पत्ती वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. हा फ्री चक्क आपल्या संस्कृत 'प्रिय'चा भाऊबंद! दोघांचं मूळ एकच, आणि त्या मुळाचा अर्थ प्रेम करणं. जुन्या इंग्रजीत तर 'फ्रेओगन' हे एकच क्रियापद मोकळं करण्यालाही चाले आणि प्रेम करण्यालाही. 'फ्रेंड' त्याच घरातला. ज्या फ्रिग देवीच्या नावावरून फ्रायडे आला, तीही त्याच गोत्रातली.

प्रेमाचा आणि मोकळिकीचा हा सोयरसंबंध जुळला कसा? तर म्हणे, त्या काळच्या घरात दोन तऱ्हेची माणसं असत. एक घरधन्याच्या रक्ताची, जिव्हाळ्याची. दुसरे राबणारे गुलाम. जिव्हाळ्याची ती फ्री. लॅटिनमध्येही तोच प्रकार. 'लीबेर' म्हणजे स्वतंत्र आणि 'लीबेरी' म्हणजे मुलंबाळं.

मी खुर्चीतून उठलोच. सापडला मुद्दा! जो घरातला, आवडता, तोच फ्री. मग घर सोडून हा गाढव फ्री होणार कसा?

तसाच कोश घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि सौभाग्यवतींना सगळं समजावून सांगितलं. तिने कणीक मळता मळता शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे राबतात ते गुलाम आणि खुर्चीत बसून कोश वाचतात ते प्रिय. असंच ना?"

मी कोश मिटला.

"आणि काय हो," ती परातीतून मान वर न करता म्हणाली, "प्रेम करणं आणि मोकळं करणं हा एकच शब्द असेल, तर जाऊ द्या ना पोराला. येईल रविवारी जेवायला."

इतक्या वर्षांत 'तू फ्री आहेस का?' हा प्रश्न या बाईला मी एकदाही विचारला नव्हता, हे मला परातीशेजारी उभं असताना प्रथमच जाणवलं. व्युत्पत्तीच्या हिशेबाने पाहिलं, तर ती मला किती प्रिय, याचीच पंचाईत होती.

हल्ली संध्याकाळची कणीक मी मळतो. पोळ्या जरा चिवट होतात, पण तक्रार अजून आलेली नाही.

चिरंजीवांची वळकटी जिन्यावरून खाली नेली तीही मीच. हमाली अर्थातच फ्री.