भात बंद

‘मी भात बंद केलाय’ हे वाक्य मुंबईच्या नायगावात आता थोडं मान वर करून बोललं जातं. बीडीडी चाळीच्या गॅलरीत, भाजीच्या गाडीपाशी, लग्नाच्या पंगतीत. दोन पिढ्यांमागे कुणी असं म्हटलं असतं तर समोरच्याने काळजीने विचारलं असतं, ‘पोट बिघडलंय, की रेशन संपलं?’ धान्य सोडायला तेव्हा आजार, उपवास किंवा टंचाई असं काहीतरी कारण लागायचं. आज तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट पुरतो, कधी नुसता आरसाही.

पथ्याच्या पुस्तकांत धान्य हे ताटातलं एक पिष्टमय खाणं असतं; काढलं की काम झालं. पण ताटाचा एवढा मोठा भाग धान्याने व्यापला कसा, हे ती पुस्तकं विचारत नाहीत. गिरणगावात, म्हणजे नायगावासारख्या गिरण्यांभोवतीच्या वस्त्यांत, त्याचं उत्तर खाणावळीत मिळतं. कोकणातून, साताऱ्या-सांगलीकडून आलेला गिरणी कामगार बायकापोरं गावी ठेवून एका खोलीत दहाबारा जणांत राहायचा आणि महिन्याच्या बोलीवर खाणावळीत जेवायचा. तिथला नियम साधा होता: भात-चपाती पोटभर, मासळीची तुकडी मोजून. आमटी पातळ, कारण डाळ महाग. पोट भरण्याची जबाबदारी धान्यावर आणि चव आणायची बाकीच्यांवर. ज्या बायका हे रांधत होत्या त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरण्यांतल्या संपांच्या काळात उधारीवर जेवू घालून कामगारांना तगवून धरणाऱ्याही याच बायका.

सरकारचंही गणित तेच राहिलं. मुंबईत मे 1943 मध्ये रेशनिंग सुरू झालं ते धान्याचं. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेचा गहू आणि लाल मिलो ज्वारी रांगेत उभं राहून घेतलेली माणसं अजून आपल्यात आहेत. 1972च्या दुष्काळाच्या वर्षी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, त्याही महागाईविरुद्ध, म्हणजे मुख्यतः धान्य, तेल, साखर यांसाठी. ज्या घराने धान्यासाठी मोर्चा काढला त्याच घरात आता धान्य शत्रू ठरतं, याची गंमत वाटते. थोडी भीतीही वाटते.

मधल्या काळात धान्य बदललं नाही, काम बदललं. गिरणीत साच्यावर आठ तास उभं राहणारा, सूत तुटू नये म्हणून मुद्दाम दमट ठेवलेल्या खात्यात घाम गाळणारा माणूस चार भाकऱ्या सहज जिरवायचा. 18 जानेवारी 1982ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि ते कामच हळूहळू संपलं. नायगावच्या स्प्रिंग मिलच्या जमिनीवर आता आलिशान टॉवर आहेत, आणि त्याच जमिनीच्या एका तुकड्यावर गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या घरांची सोडत 2020च्या मार्चमध्ये निघाली. त्या कामगाराचा नातू कॉम्प्युटरसमोर बसतो, नाहीतर एखाद्या टॉवरच्या दाराशी बारा तास खुर्चीवर. ताट मात्र आजोबांच्या मापाचंच.

त्यात आपल्या शरीराची एक खोडही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. याज्ञिकांनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत तपासलेली नवजात बाळंही अशीच निघाली: वजनाला कमी, स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी राखून. तेव्हा आपल्याकडे ‘बारीक आहे, त्याला काय होतंय’ या म्हणण्याला फारसा आधार नाही, आणि काट्यावरचा आकडा एकटा काही सांगत नाही.

मग धान्य सोडून वजन उतरतं का? उतरतं. लंडनचा अंत्यविधीचा व्यवसाय करणारा विल्यम बँटिंग याने 1863 साली पाव, साखर, बटाटे सोडून आपण कसे बारीक झालो याची पुस्तिका छापली, आणि तेव्हापासून ही युक्ती दर पिढीत नव्या नावाने परत येते. पहिल्या आठवड्यात दोनेक किलो उतरतात त्यांवर मात्र पेढे वाटू नयेत. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर आपल्या तिप्पट पाणी धरून बसलेली असते. साठा संपला की पाणीही जातं. खरी चरबी त्यानंतर, सावकाश. स्टॅनफर्डमध्ये 609 माणसांवर वर्षभर केलेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी पिष्टाच्या गटाचं वजन सरासरी 6 किलोने उतरलं, कमी चरबीच्या गटाचं 5.3 किलोने. या फरकाला संख्याशास्त्राने किंमत दिली नाही. दोन्ही गटांना साखर आणि मैदा सोडायला, भाज्या वाढवायला सांगितलं होतं. माझ्या मते खरं काम तिथेच झालं. (इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता भात-चपाती तोडली तर साखर धोकादायकपणे खाली येऊ शकते. गॅलरीतल्या सल्ल्यात हे कुणी सांगत नाही.)

महाराष्ट्रात हा वाद फार मराठी पद्धतीने झाला, म्हणजे व्याख्यानांतून आणि व्हॉट्सॲपवरून. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवा असं सांगितलं. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणाल्या, थोड्या थोड्या वेळाने खा, आणि वरण-भात-तूप सोडू नका. एकाच घरात सासू ‘दीक्षित’ आणि सून ‘दिवेकर’ अशी वाटणी मी पाहिली आहे. दोघांपैकी कुणीही धान्य अजिबात वर्ज्य करा म्हटलं नव्हतं. ते कलम किटोवाल्यांनी जोडलं आणि लोकांनी तिन्हींची मिसळ केली.

वास्तविक धान्य वर्ज्य करण्याची आपली स्वतःची परंपरा आहे: एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार. पण त्या दिवशी ताटात काय येतं? साबुदाणा, म्हणजे सेलमकडच्या कारखान्यांतून येणारा कसाव्याचा शुद्ध स्टार्च. शिवाय बटाटा, रताळं आणि वर शेंगदाण्याचा कूट. कसावा, बटाटा, रताळं, शेंगदाणा हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. वरीचे तांदूळ तर खरं म्हणजे धान्यच. ‘एकादशी दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्यांना हे कळलेलं होतं. धान्य काढलं तरी तिथे तसलंच काही ठेवलं तर शरीराला फरक कळत नाही.

प्रश्न म्हणूनच रिकाम्या जागेचा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024च्या मार्गदर्शिकेप्रमाणे दिवसाच्या उष्मांकात धान्याचा वाटा 45 टक्क्यांपर्यंत असावा. आपल्याकडे तो 50 ते 70 टक्के आहे. कमी करायला हवं यात मला शंका नाही. पण त्या जागी डाळ, अंडी, पनीर, मासळी, बदाम यांपैकी काय आणि कुणाच्या पगारात? दुसऱ्या बाजूला अन्नसुरक्षा कायद्याखाली कार्डावर दर माणशी महिना 5 किलो धान्य मिळतं, 2023च्या जानेवारीपासून फुकट. डॉक्टर जे मोजून खा म्हणतात ते सरकार फुकट देतं. जे भरपूर खा म्हणतात ते वाण्याकडे रोखीने. 2022च्या दिवाळीत शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ आला त्यात रवा, साखर, पामतेल आणि चणाडाळ होती. चारांत एक डाळ.

खाणावळीचा नियम घरातही होता. भात पोटभर, बाकी मोजून. आणि मोजणी सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईपाशी संपायची. तिच्या वाट्याला भात आणि तळाचं सार. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या अर्ध्याहून जास्त स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या आणि जवळजवळ चौथा हिस्सा स्त्रिया जादा वजनाच्या. या दोन गोष्टी एकाच बाईत असू शकतात, आणि धान्याने भरलेलं ताट दोन्हींना हातभार लावतं. त्यात आता नवरा ‘डाएटवर’ गेला की तिला दोन स्वयंपाक. त्याची अंडी आणि पनीर, मुलांच्या चपात्या, आणि त्याने सोडलेला उरलेला भात टाकवत नाही म्हणून तिच्याच पानात. घरातल्या एकाचं वजन उतरतं तेव्हा दुसऱ्याचं कुठे जातं, हे काट्यावर दिसत नाही.

आणि तरी नायगावच्या ताटात एक वस्तू अशी होती जी भाताला मागे सारू शकली असती: सुकट. जवळा, सुके बोंबील, बांगडा. प्रथिनं भरपूर, पिष्ट जवळजवळ नाही, डबा भरून वर्षभर टिकणारं आणि गावाहून येणाऱ्याच्या पिशवीतून आपसूक येणारं. मीठ जास्त असतं, रक्तदाबवाल्याने जपून खावं, पण डाएटच्या कागदावर छापलेल्या सॅल्मन माशाच्या तुलनेत हे कितीतरी आवाक्यातलं. चाळीच्या दीडशे-एकशे साठ चौरस फुटांच्या खोल्यांत तव्यावर सुकट भाजली की अख्ख्या मजल्याला कळायचं आणि कुणाला काही वाटायचं नाही. शेजारीण वाटी घेऊन यायची. नव्या इमारतीत लोक खिडक्या लावून घेतात, आणि सोसायटीच्या बैठकीत वासाचा विषय निघतो. मग सुकट गावच्या खेपेपुरती उरते. बाकीचे दिवस लोक प्रथिनांची पावडर दुधात ढवळतात, तिचा डबा महिन्याच्या किराण्याच्या यादीत सगळ्यांत महाग असतो, आणि तांदळाची गोणी तिच्या शेजारीच उभी असते.